हट्ट्याच्या शेतावरची हळद

माझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. लग्न ठरलं तेव्हाही मी रागातच होते. तो राग नवऱ्या मुलावर नव्हता, त्याला तर मी धड पाहिलंही नव्हतं. राग होता हळदीवर.

वडील गेले तेव्हा मी पाचवीत होते. तेव्हापासून आई आणि मी शिरड शहापूरला काकांच्या घरात राहत होतो. काका वाईट नव्हते. त्यांनी मला वसमतच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकवलं, स्थळही चांगलं पाहिलं. पण बोलणी पक्की झाली त्या दिवशी ओसरीवर बसून काकूंनी कोण काय करणार ते ठरवून टाकलं. कन्यादानाला काका-काकू बसणार. हळद लावायला पाच सवाष्णी, त्यांतल्या पहिल्या काकू. आईचं नाव निघालं ते स्वयंपाकाच्या वेळी. 'त्या आतलं बघतील,' काकू म्हणाल्या, आणि तेही वाईट मनानं नव्हे. विधवेचा हात नवरीच्या हळदीला लागू नये, हे आमच्याकडे इतकं गृहीत होतं की ते कोणी बोलूनही दाखवत नसे. आईनं मान डोलावली आणि ती चुलीपुढं जाऊन बसली.

मला तेच सहन होईना. कारण माझी आई हळदीवरच जगत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला वसमतच्या बाजूला हळद निघायची आणि आई ती काढायला, निवडायला, शिजवायला मजुरीनं जायची. त्या दिवसांत तिचे हात मनगटापर्यंत पिवळे असत. भाकरी थापली तर भाकरीवर पिवळी बोटं उमटायची. त्या हातांनी निघालेली हळद बाजारात जायची, तिथून कुठल्या कुठल्या मांडवात जायची, नवऱ्या पोरींच्या अंगाला लागायची. फक्त मला ती तिच्या हातून लागायची नव्हती.

हे मी माझ्या दोन मैत्रिणींजवळ बोलले होते. बोलले म्हणजे भांडल्यासारखी बोलले, जणू नियम त्यांनीच केला होता. आम्ही तिघी वसमतला एका बाकावर बसायचो. एक हट्ट्याची, घरची बऱ्यापैकी शेती असलेली. दुसरी वसमतचीच, बौद्ध घरातली, डी.एड. करून मास्तरीण होऊ घातलेली. तिची आई सरकारी दवाखान्यात आया होती. दोघींनी माझं ऐकून घेतलं आणि विषय बदलला. मला वाटलं, यांना काय त्याचं.

लग्नाला पंधराएक दिवस राहिले असताना हट्ट्याहून बाजारकऱ्याबरोबर निरोप आला. हळद शिजवायला घेतली आहे, बाया कमी पडल्या आहेत, मायलेकी दोघी दोन दिवसांसाठी या. काकूंनी कुरकुर केली. नवरी मुलगी उन्हात काळवंडेल म्हणाल्या. काका म्हणाले, "जाऊन येऊ द्या. एकदा हळद लागली म्हंजे पोरीला शीव ओलांडता यायची न्हाई. आन मजुरी काय वाईट हाय का?"

म्हणून आम्ही निघालो. आईनं खुरपं घेतलं, भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून घेतली, जुनं लुगडं नेसली. शिरडहून वसमतची बस, वसमतला बदलून हट्ट्याची. हट्ट्याच्या थांब्यावर मैत्रीण बैलगाडी घेऊन उभी होती आणि गाडीत दुसरी मैत्रीण तिच्या आईसकट बसलेली. मास्तरीण होणारी मुलगी हळद काढायला कशाला येईल, हे मला तिथंच कळायला हवं होतं. मी आपली गाडीत चढले आणि बाया कमी असल्या तर किती काम पडेल त्याची काळजी करत बसले.

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरापाशी पोचलो तेव्हा सारवलेल्या अंगणात सतरंजी अंथरलेली होती. गड्यांना हळद शिजवायच्या काईलीकडं कामाला लावून मैत्रिणीचे वडील गावात निघून गेले होते. मैत्रिणीची आई, तिला मी हट्ट्याच्या मावशी म्हणायचे, तांब्या घेऊन पुढं आली आणि आईला म्हणाली, "अक्का, पाय धुवा. आन ते खुरपं इकडं द्या. काम न्हाई तुमाला."

आई म्हणाली, "मंग बलावलं काहून?"

"पोरीचं केळवण हाय. आमी तिघी माया आन ह्या तिघी पोरी. दोन दिवस कुणी काम करायचं न्हाई. खायचं, बसायचं, बोलायचं."

मैत्रिणी माझ्याकडं पाहून हसत होत्या. खोटा निरोप त्यांनीच धाडला होता. आईला घराबाहेर काढायला मजुरीशिवाय दुसरं कुठलंही निमित्त चाललं नसतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. मी दोघींनाही पाठीत धपाटे घातले.

आईचं मात्र अवघड झालं. ती सतरंजीच्या काठावर बसली, तेही अर्धी मातीवर. एका लग्नाला, दोन मयतींना आणि मजुरीला सोडून ती कधी कुणाच्या दारी गेली नव्हती. पाहुणी म्हणून बसायचं कसं, हे तिला येतच नव्हतं. हातांचं काय करावं ते तिला कळेना. चहा आला तर कप विसळायला उठली. वाटाणे सोलायला कोणी काढले तर अख्खी टोपली ओढून घेतली. हट्ट्याच्या मावशींनी टोपली परत घेतली, तर अंगणातलं गवत उपटत बसली. आणि ऊन कलायच्या आत काईलीपाशी गडी माणसं हळद शिजवत होती तिथं जाऊन उभी राहिली. मोठ्या काईलीत हळद, वर तिचाच पाला आणि ओली पोती, खाली जाळ. आईनं पोतं बाजूला केलं, एक गड्डा काढून त्यात काडी टोचून पाहिली आणि गड्यांना म्हणाली, "अजून थोडा येळ." मग तिनं पदर खोचला. तिला परत बोलवायला गेलेली मास्तरीणही तिथंच थांबली, कारण आई पहिल्यांदा हसत होती.

"राहू द्या तिला," मास्तरणीची आई, दवाखान्यातल्या मावशी, म्हणाल्या. "बसून तिला तकलीफ व्हायलीय."

संध्याकाळी जेवण झालं ते मात्र मी विसरणार नाही. भाजून दळलेल्या येसराच्या पिठाची आमटी, भाकरी, वांग्याचं भरीत, आणि दवाखान्यातल्या मावशींनी वसमतहून करून आणलेले धपाटे. आमच्या घरात दवाखान्यातल्या मावशींच्या हातचं कोणी खाल्लं नसतं. आईनं धपाटा घेतला, क्षणभर हातात धरला आणि खाल्ला. मग दुसरा मागून घेतला. ही गोष्ट घरी सांगू नको असं ती मला म्हणाली नाही आणि मीही कधी सांगितली नाही.

जेवताना दोघी मावशी आपापल्या लग्नांचं बोलल्या. हट्ट्याच्या मावशींना नवरा दाखवला तो एक आणि मांडवात उभा राहिला तो वेगळाच वाटला होता, कारण मधल्या काळात त्यानं मिशा काढल्या होत्या. आम्ही पोरी हसून लोळलो. दवाखान्यातल्या मावशींचे यजमान दुष्काळात गेले होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आई ऐकत होती, मिशांच्या गोष्टीला तर हसलीही. माझी आई हसते कशी, ते त्या मुक्कामापर्यंत मला नीट ठाऊक नव्हतं, हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं कारण कळलं. हट्ट्याच्या मावशींनी शेतातली ओली हळद धुऊन पाट्यावर वाटली. वाटीत काढली, वर थोडं तेल घातलं. मला अंगणात पाटावर बसवलं. आणि वाटी आईपुढं धरून म्हणाल्या, "अक्का, इथं कुणी न्हाई. आमी कुणाला सांगणार न्हाई. तिकडं लावतील तवा लावतील. पैली तुमची लागू द्या."

आईनं वाटीकडं पाहिलं. तिचा चेहरा असा झाला, जणू कोणी तिला चोरी करायला सांगितलं होतं. ती हळूच उठली.

"तिकडं पाच जणी हायेत लावायला," ती म्हणाली आणि काईलीच्या दिशेनं चालू लागली.

दवाखान्यातल्या मावशी तिच्यामागं गेल्या. मी पाटावरच बसलेली, मला सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "बाई, मी बी तुमच्यासारखीच हाय. दवाखान्यात लेकरू जलमलं की पैला हात माझा लागतो. त्या टायमाला मला कुणी इचारत न्हाई, कपाळावर कुंकू हाय का."

आई म्हणाली, "तुमचं काळीज मोठं हाय, बाई. माझं न्हाई."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी पाटावरून उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माय, तू काढलेली हळद साऱ्या मुलखातल्या पोरींच्या अंगाला लागती. त्या चांगल्या नांदून राहिल्यात. मलाच तेवढी बाधंल का?"

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "लोकांच्या पोरींचं मला भेव न्हाई. तुझं हाय."

तोंडात मारल्यासारखी मी परत आले. हट्ट्याच्या मावशींनी वाटीवर फडकं झाकलं आणि चुलीकडं गेल्या. ज्या गोष्टीसाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता, ती फसली होती, आणि वर माझी आई दुखावली होती. मला वाटलं, आम्ही इथं यायलाच नको होतं.

दिवस तसाच गेला. आईनं हळद वाळत घालायला मदत केली, आम्ही पोरी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. मास्तरीण माझा हात धरून बसली होती. तिनं मला विचारलं, "तुला हळदीचंच वाईट वाटतंय का?" मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही. मला लग्नाचीच भीती वाटत होती. कुठलं गाव, कुठली माणसं, रागीट बाईला कोण सांभाळून घेणार. काकूंनी हळद लावून मला तिकडं पाठवलं तर मी काकांच्या घरातून निघालेली असेन. आईच्या हातून निघायचं होतं मला. हे मी आधी कुणालाच बोलले नव्हते, मलाही ते तोपर्यंत नीटसं कळलं नव्हतं.

परतायच्या दिवशी सकाळी आई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चल, तुला न्हाऊ घालते. केसांत धूळ भरलीय." विहिरीजवळच्या दगडावर तिनं मला बसवलं. शिकेकाईनं केस चोळू लागली. मी लहान असल्यावानी गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि मला हुंदके यायला लागले. ते थांबेनात. ती केस चोळत राहिली. चोळता चोळता ती बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी.

"माझ्या लग्नात पाच सवाष्णींनी हळद लावली. माझ्या मायनं लावली. आत्यानं लावली. गावच्या पाटलीणबाईनं लावली, तिचा नवरा नव्वदीचा हून मेला. सगळ्या बराबर होत्या, एक बी कमी नव्हती." तिनं माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. "तरी तुझा बाप गेलाच की."

आणखी एक तांब्या पाणी ओतलं आणि ती उठून गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. ती वाटी घेऊन परत आली. कालची हळद थोडी वाळली होती, तिनं त्यात पाणी घातलं. माझ्यासमोर उकिडवी बसली. हट्ट्याच्या मावशी चुलीपाशी होत्या, त्यांनी पाहिलं आणि आमच्याकडं पाठ केली. दवाखान्यातल्या मावशींनी दोन्ही पोरींना हाताला धरून आखाड्यामागं नेलं. ते का, ते मला तेव्हा कळलं नाही. पाहणारं कोणी नसलं म्हणजे आईला कुणाला उत्तर द्यावं लागणार नव्हतं.

आईनं आधी माझ्या पायांना हळद लावली, मग गुडघ्यांना, मग खांद्यांना, मग हातांना, आणि शेवटी चेहऱ्याला. तिचे हात तर आधीच पिवळे होते, त्यांवरलं पिवळं कुठलं आणि वाटीतलं कुठलं, ते ओळखू आलं नसतं. लावून झाल्यावर ती म्हणाली, "आता काही बी झालं तर माझ्यावर येऊ दे." देवाला म्हणाली की मला, ते माहीत नाही. मग तिनं मला घासून घासून धुतलं, घरी काही दिसू नये म्हणून.

लग्न झालं. मांडवात पाच सवाष्णींनी हळद लावली, पहिल्या काकू. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला तिच्याकडं पाहून राग आला नाही, आणि काकूंचाही आला नाही. त्यांनी मला मनापासून हळद लावली, त्यांचे डोळे भरले होते.

माझे यजमान वारंगा फाट्यावर सायकलींचं दुकान चालवायचे. सासू-सासरे गावात थोरल्या दिरांकडे, फाट्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. माणूस शांत. माझ्या रागाला तो उत्तरच देत नसे, पंक्चर काढत बसे. आई वर्षातून दोनदा यायची. आली की आधी जावयाकडं निरखून पाहायची, मग माझ्याकडं. त्यांना साधा खोकला झाला तरी तिचं जेवण कमी व्हायचं. मला ते दिसत होतं. दोन दिवसांचं सुख द्यायला म्हणून मैत्रिणींनी तिला हट्ट्याला नेलं आणि जन्माची धास्ती घेऊन ती परत आली, असं मला वाटायचं. पण त्याबद्दल बोलायला मी धजत नव्हते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात यजमानांना कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, तळहात पिवळे. नांदेडच्या डॉक्टरनं औषध दिलं होतं, तेल-तिखट बंद केलं होतं, माणूस उठून बसत होता, धोका टळला होता. शिरडला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण फाट्यावरच्या बातम्या बसगाडीबरोबर जातात. एके दुपारी आई बसमधून उतरली.

दार उघडं होतं. यजमान दाराजवळच्या बाजेवर पडलेले. आईनं उंबऱ्याबाहेरून त्यांना पाहिलं आणि तिथंच ओट्यावर बसली. तिला काय दिसलं ते मला लगेच कळलं. तिनं माझ्या अंगाला लावलेलं त्यांच्या अंगावर उमटलं होतं, असंच तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "माय, ही कावीळ हाय. फाट्यावरच्या चार जणांना झालीय. पाणी खराब हाय." ती हलली नाही. आत ये म्हटलं, आली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. रात्री ओट्यावरच झोपली. सकाळी मी भाकरी नेऊन ठेवली, तिनं ती पाहिलीही नाही. हात पदरात गुंडाळून बसली होती. चौकशीला आलेल्या बाया तिला आत चला म्हणत होत्या, ती नुसती मान हलवत होती.

दुसऱ्या दुपारी ऊन ओट्यावर आलं. यजमान बाजेवर उठून बसले आणि त्यांनी दारातून तिला हाक मारली. "मामी, आत या."

आई म्हणाली, "जावईबापू, तुमाला एक सांगायचं हाय." ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. "लग्नाच्या आधी मी हिला हळद लावली होती. माझ्या हातानं. हिनं हट्ट केला न्हाई, मीच लावली. चूक माझी हाय, हिची न्हाई."

मी आतल्या दारात उभी होते.

"ठाऊक हाय मला," यजमान म्हणाले. "हिनं लग्नाच्या हप्त्यातच सांगितलं. मोठ्या ठसक्यात सांगितलं होतं, की मला माझ्या मायनं हळद लावलीय, कुणाला काही म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा."

आईनं वर पाहिलं.

"मंग तुमी काय म्हणले?"

"मी काय म्हणणार? चांगलं झालं म्हणलं. मायनं लावू नये तर कुणी लावावी?" त्यांना बोलताना धाप लागली, ते थोडं थांबले. "इतक्या दिसांची हळद माणसाला चढत नसती, मामी. मी फाट्यावरलं पाणी प्यालो. आता आत या, ऊन लागतंय तुमाला."

आई उठली. रांजणातलं पाणी घेऊन तिनं हातपाय धुतले, बराच वेळ धुतले. मग उंबरा ओलांडून आत आली, बाजेजवळ खाली बसली आणि जावयाच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. त्यांना ताप नव्हता. तरी तिनं हात तसाच ठेवला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.